ईस्टरनंतरचे पन्नास दिवस आणि अनपेक्षित पाचारण

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या निमित्ताने आपल्या वृत्तपत्रात येणारा मजकूर मी दरवर्षी आवर्जून वाचते. गुड फ्रायडेच्या क्रुसाच्या वाटेचे छायाचित्र, रविवारच्या पहाटेची उपासना, शुभेच्छा आणि हा सण का पाळतात याची थोडक्यात माहिती, असे त्याचे स्वरूप असते, आणि सोमवारच्या अंकात ईस्टर संपलेला असतो. ख्रिस्ती उपासनेच्या पंचांगात मात्र त्या रविवारी ईस्टरला प्रारंभ होतो आणि पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत पन्नास दिवस तो चालू राहतो. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाविषयी जेवढे बोलले आणि लिहिले जाते, त्याच्या निम्मेही या दीर्घ आनंदकाळाविषयी बोलले जात नाही, आणि हे मौन वृत्तपत्रांइतकेच आमच्या मंडळ्यांमध्येही, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांमध्येही आहे. पुनरुत्थानाने मिळणारे नवे जीवन नेमके कशात दिसते, हा प्रश्न खरे तर याच दिवसांत विचारायचा असतो, म्हणून हे पत्र.

मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांतील, म्हणजे शुभवर्तमानांतील, पुनरुत्थानाचे वृत्तांत सलग वाचले, तर उठलेला प्रभू ज्यांना भेटतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती तो एखादे काम सोपवतो असे दिसते, आणि ते काम त्या माणसाच्या ध्यानीमनीही नसते. देवाने एखाद्या कामासाठी घातलेल्या अशा हाकेला आम्ही पाचारण म्हणतो. सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरेकडे निघालेल्या स्त्रियांचेच पाहा. पुनरुत्थानाची अपेक्षा त्यांच्या मनात नव्हती. शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस, तोंडावर आल्यामुळे दफन घाईत उरकले गेले होते. त्यात जे राहून गेले ते रीतसर करावे, मृतदेहाला शेवटचे द्रव्य लावावे, एवढीच सेवा त्यांना करायची होती. कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील, असे त्या वाटेत एकमेकींना विचारत होत्या, हे मार्काने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे अडचण ठाऊक होती, उत्तर हाती नव्हते, तरीही त्या निघाल्या होत्या. त्याच दिवशी संध्याकाळी पुरुष शिष्य भीतीने दारे बंद करून आत बसले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पहाटेच्या चालण्याचे मोल कळते. ज्या सेवेसाठी त्या निघाल्या ती करण्याची वेळच आली नाही, कारण कबर रिकामी होती. परंतु त्या सेवेसाठी घराबाहेर पडल्या म्हणूनच दुसऱ्या, कितीतरी मोठ्या कामावर त्यांची नेमणूक झाली. योहानाच्या वृत्तांतात येशूची शिष्या मग्दालीया मरीया रडत उभी आहे, समोरच्या माणसाला माळी समजून ती देह कोठे ठेवला ते सांगण्याची विनवणी करते, आणि तिच्या नावाने हाक येताच ओळखते. या भेटीत तिला प्रभूजवळ थांबू दिले जात नाही, माझ्या भावांकडे जाऊन सांग असे तिला सांगितले जाते. ज्या काळात स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती त्या काळात जगातील पहिली ईस्टरची वार्ता एका स्त्रीच्या तोंडी देण्यात आली. ती आणि तिच्या सोबतिणी जे सांगत होत्या ते प्रेषितांना वायफळ वाटले, असे लूकही प्रांजळपणे लिहितो. कॅथोलिक पंचांगात मरीयेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांची बरोबरी मिळायला 2016 साल उजाडावे लागले. आजही एखादी स्त्री मंडळीत नव्या कामाची कल्पना मांडते तेव्हा तिला प्रथम फुलांच्या सजावटीच्या समितीवर घेतले जाते, हे पाहिले की लूकचे ते वाक्य जुने झालेले नाही असे वाटते.

येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याची गोष्ट निराळी आहे, कारण त्याच्या वाट्याला शोकापेक्षा शरम अधिक होती. प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत असताना त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थानानंतर तो आपल्या जुन्या कामाकडे, मासेमारीकडे वळला, आणि रात्रभर जाळे टाकूनही हाती काही लागले नाही. पहाटे किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. योहानाने हा कोळशाचा तपशील दोन्ही ठिकाणी दिला आहे, आणि माझ्या मते तो सहज आलेला नाही. न्याहारी झाल्यावर तीनदा प्रश्न आला, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले गेले: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. क्षमा झाली असे शब्द तिथे कुठेही नाहीत. ज्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवून माणसे सोपवली जातात, त्याला क्षमा झाल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. त्यापुढचे वाक्य मात्र उपदेशात क्वचितच ऐकू येते. तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून वाटेल तिकडे जात होतास, म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नाही तिकडे तुला नेईल, असे त्याला सांगितले गेले. पाचारण म्हणजे आपल्या आवडीनिवडीला मिळालेली ईश्वरी संमती, अशी समजूत आजकाल बरीच पसरली आहे. तिच्याशी हे वाक्य जुळवून पाहावे.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय हे पुनरुत्थानावरचे नव्या करारातील सर्वांत विस्तृत विवेचन आहे. अठ्ठावन्न वचने, मरणा, तुझा विजय कोठे, या उद्गारापर्यंत चढत गेलेली. शेवटचे वचन सांगते की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि त्यानंतर लगेच, सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, विषय निघतो तो यरुशलेमेतील गरजू बांधवांसाठी जमवायच्या वर्गणीचा: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला ठेवावे. अध्यायांची विभागणी फार नंतरची. मूळ पत्रात मरणावरील विजय आणि वर्गणीचा हिशेब एकाच दमात आले आहेत, आणि आठवड्याचा तो पहिला दिवस म्हणजे पुनरुत्थानाचाच वार आहे.

आद्य मंडळीने हा धागा सोडला नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रिया शहरात महामारीने थैमान घातले असताना तेथील बिशप डायोनिसियस याने ईस्टरच्या निमित्ताने लिहिलेल्या पत्राचा काही भाग आद्य मंडळीचा इतिहासकार युसेबियस याच्या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोहोचला आहे. भोवतालच्या लोकांना हा काळ सणाचा वाटणार नाही हे तो मान्य करतो, आणि मग आपल्या माणसांविषयी लिहितो, की त्यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मृतांचे डोळे मिटले, त्यांना स्नान घातले, आणि त्यांच्यापैकी अनेक जण त्याच रोगाने त्यांच्या मागोमाग गेले. त्यांच्यापैकी कोणी शुश्रूषेचे शिक्षण घेतलेले नव्हते. साथ दाराशी आली आणि काम अंगावर आले.

अलीकडच्या इतिहासात असे पाचारण किती आडवळणाने येते याची उदाहरणे भरपूर आहेत. बेल्जियमचे धर्मगुरू फादर डेमियन यांना हवाई बेटांवर पाठवायचे असे कोणी ठरवले नव्हते. त्यांचे थोरले बंधू जायचे होते, ते तापाने आजारी पडले आणि त्यांच्या जागी धाकटा भाऊ निघाला. 1873 मध्ये मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वस्तीत ते पोहोचले, तिथे त्यांनी घरे बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्याही स्वतः ठोकल्या, आणि त्याच रोगाने 15 एप्रिल 1889 रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, त्यांचे देहावसान झाले. पंडिता रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकांना परिचित आहे, पण त्यातला एक दुवा अनेकदा निसटतो. त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने. ऐकू येणे कमी होत गेल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच मुक्कामात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना लंडनमधील फुलहॅम येथे धर्मभगिनी कशा सन्मानाने सांभाळतात हे त्यांनी पाहिले, आणि पुढे शारदा सदन व केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले त्याची मुळे त्या दर्शनात आहेत. रमाबाई डॉक्टर झाल्या असत्या तर उत्तम डॉक्टर झाल्या असत्या यात मला शंका नाही. पण दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना ज्या एका दाराची गरज होती ते दार कदाचित उघडले नसते.

सिसिली साँडर्स यांच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे त्यांचे नाव तितकेसे ऐकिवात नाही. युद्धकाळात त्या परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, म्हणून रुग्णांच्या सामाजिक अडचणी पाहणाऱ्या रुग्णालयीन कार्यकर्तीचे शिक्षण त्यांनी घेतले. याच सुमारास त्या ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या होत्या आणि या श्रद्धेचे ऋण कोणत्या कामाने फेडावे हे त्या शोधत होत्या. 1948 च्या आरंभी लंडनमधील एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. नातलग नाहीत, मागे काही ठेवले नाही, आपण जगलो ते कशासाठी हे कळत नाही, अशा अवस्थेतल्या या माणसाच्या उशाशी त्या बसत, आणि मरणाऱ्या माणसांना वेदनेपासून आराम आणि सोबत मिळेल अशी एखादी जागा असावी, असे बोलणे दोघांत होई. जाताना त्याने पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले आणि तुमच्या घरातली एक खिडकी मी होईन, असे सांगितले. खिडकी मिळाली होती, घर नव्हते. मरणासन्न रुग्णांना डॉक्टरच वाऱ्यावर सोडतात, तेव्हा तुम्हीच डॉक्टर व्हा, असा सल्ला एका शल्यविशारदाने दिल्यावर तिशी उलटल्यानंतर त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास सुरू केला, 1957 मध्ये तो पूर्ण केला, आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसचे, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहाचे, दार उघडले. त्या वास्तूत टास्माची खिडकी आहे. आज जगभर जी उपशामक, म्हणजे असाध्य आजारात वेदना हलकी करणारी, शुश्रूषा रूढ होत आहे तिचा पाया या कामात आहे. पाठ दुखावली नसती तर साँडर्स त्या खाटेशी त्या भूमिकेत पोहोचल्याच नसत्या. आणि एका ख्रिस्ती स्त्रीला तिचे पाचारण एका ज्यू माणसाच्या तोंडून मिळाले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्या आयुष्यात जे वाया गेलेसे वाटले होते तेच पुढे कामी आले. डॉक्टर होण्याची इच्छा नसल्यामुळे त्यांनी तरुणपणी काही वर्षे बांधकामाचे आणि सुतारकामाचे शिक्षण घेतले. वैद्यकाकडे ते नंतर वळले आणि 1946 मध्ये वेल्लोरला आले. चेंगलपट्टू येथे डॉ. कॉक्रेन यांच्या कुष्ठरोग केंद्रात फिरताना त्यांनी एका रुग्णाला आपला हात दाबून दाखवायला सांगितले. बोटे आखडलेल्या त्या हाताची पकड इतकी जोरदार निघाली की ब्रँड यांनाच कळ आली, आणि त्या कळेतून त्यांच्या लक्षात आले की हातातील काही स्नायू पूर्ण शाबूत आहेत. शाबूत स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, लुळ्या बोटांकडे वळवण्याच्या शस्त्रक्रिया पुढे त्यांनी विकसित केल्या. पण हात सुधारले तरी माणसाला काम कोण देणार? सुधारलेल्या हाताला भीक कमी मिळते, अशी एका रुग्णाची तक्रार होती. तेव्हा वेल्लोरला नवजीवन केंद्र सुरू झाले आणि तिथे या रुग्णांना लाकडी वस्तू बनवायला शिकवताना डॉक्टरसाहेबांची जुनी सुतारकी उपयोगी पडली. नव्या जीवनाचा यापेक्षा खरा अर्थ मला तरी माहीत नाही: पुन्हा उघडमीट करू लागलेली बोटे, आणि त्या बोटांना मिळालेले काम. त्यांच्या आई एव्हलिन ब्रँड यांना मिशनने वयामुळे निवृत्त केले, तेव्हा त्या स्वतःच्या हिमतीवर डोंगरांतील खेड्यांत परतल्या आणि पंचाण्णवाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तिथेच राबत राहिल्या.

थोरांची उदाहरणे वाचून सामान्य माणूस बिचकतो, याची मला कल्पना आहे. त्याच्यासाठी नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दिमिष्कचा (दमास्कसचा) हनन्या नावाचा शिष्य आहे. नीट नावाच्या रस्त्यावरील एका घरी जाऊन, मंडळीचा छळ करणाऱ्या आणि आता आंधळ्या झालेल्या शौलावर (हाच पुढे पौल झाला) हात ठेवून प्रार्थना करायची, एवढेच त्याला सांगितले गेले. त्याने भीती लपवली नाही, हरकत घेतली, आणि गेला. आत शिरताच त्याने त्या माणसाला भाऊ अशी हाक मारली. पुढे पौलाने स्वतः केलेला एक उल्लेख सोडला तर हनन्याचे नाव कुठे येत नाही. यापोची टबीथा विधवांसाठी कपडे शिवत असे; ती मरण पावली तेव्हा त्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत होत्या, आणि पेत्राच्या प्रार्थनेने ती उठली तीही त्याच विधवांमध्ये पुन्हा राहण्यासाठी.

मंडळ्यांमध्ये या बाबतीत काय होते ते मी अनेक वर्षे जवळून पाहत आले आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. पाचारण म्हटले की आम्हाला धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा पाळक एवढेच आठवते. बाकीच्यांसाठी कामांची यादी असते आणि रिकाम्या जागी नावे भरली जातात. ज्याला बोलता येते त्याला व्यासपीठ, ज्याला हिशेब येतो त्याला खजिनदारपद, आणि ज्याला दोन्ही येत नाही त्याला खुर्च्या. माझ्या माहितीतले एक सेवानिवृत्त गृहस्थ मंडळीचे हिशेब तपासायला म्हणून आले. एकदा मदतनिधीतील एका खर्चाची पावती मिळेना, म्हणून ते ती मागायला एका अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या घरी गेले. वृद्धाची दृष्टी गेली होती, उशाशी त्या दिवसाचे वर्तमानपत्र न उघडता पडले होते, आणि तेवढे वाचून दाखवाल का, असे त्याने विचारले. ते गृहस्थ आता रोज सकाळी अशा काही घरी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवतात. अग्रलेख आधी की निधनवार्ता आधी, हे प्रत्येकाचे ठरलेले आहे. वर्षानुवर्षे मोजूनमापून बोलणारा हा माणूस आता ज्या मायेने हळूहळू, पुन्हा पुन्हा वाचतो, ते पाहिल्यावर ईस्टरच्या उपासनेत आम्ही जे गातो ते खरे आहे याबद्दल माझ्या मनात संदेह राहत नाही.

सेवेच्या नावाखाली होणाऱ्या दोन गोष्टींना मात्र माझा ठाम विरोध आहे. घरदार सांभाळून थकलेल्या माणसाला, विशेषतः बाईला, देवाचे काम आहे, नाही म्हणू नका, असे सांगून आणखी राबवून घेणे हे पाचारण नव्हे. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे त्याच्याच होकाराला अर्थ असतो. हनन्यालादेखील आपली हरकत मांडू दिली होती. आणि सेवा करून त्या बदल्यात कुणाच्या श्रद्धेची अपेक्षा करणे हे तर सेवेचे मरणच आहे. साँडर्स यांनी टास्माला काय दिले आणि त्याने त्यांना काय दिले, यात देवाणघेवाणीचा हिशेब कुठे बसतो?

खरे पाचारण ओळखायचे कसे, हा प्रश्न मला तरुण मुले विचारतात. साधे उत्तर माझ्याकडे नाही. वर दिलेल्या प्रसंगांत तीन-चार खुणा मात्र पुन्हा पुन्हा दिसतात: गरज डोळ्यांसमोर उभी असते, ठरवलेला मार्ग बंद झालेला असतो, ते काम आपल्याला झेपेल असे वाटत नाही, आणि आपल्याला ओळखणारी दुसरी कुणी विश्वासू व्यक्ती हे तुझेच काम आहे असे सांगते. यातली शेवटची खूण मंडळीच्या हातात आहे. ईस्टरनंतरच्या रविवारी वाचला जाणारा, पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचा वृत्तांत इथे मदतीला येतो, कारण उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि थोमाने त्याला त्यावरूनच ओळखले. ज्याने मूल गमावले आहे, ज्याने व्यसनातून बाहेर पडताना ठेचा खाल्ल्या आहेत, ज्याची नोकरी अवेळी गेली आहे, अशा माणसांना आपण मंडळीत मदत घेणाऱ्यांच्या रांगेत कायमचे बसवून ठेवतो, आणि त्यांच्याकडे जे देण्यासारखे आहे ते मागतच नाही.

माझी मंडळ्यांना विनंती आहे की पेंटेकॉस्टपर्यंतच्या या आठवड्यांत एकेका रविवारी व्यासपीठावरून नेहमीच्या वक्त्याऐवजी अशा एखाद्या माणसाला बोलू द्यावे, आणि कामांची यादी वाचण्याआधी, तुम्हाला अलीकडे कुणाची गरज दिसली, एवढा प्रश्न उपस्थितांना विचारून उत्तरासाठी थांबावे. आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती आहे. ईस्टरचे छायाचित्र आपण छापताच. त्यानंतरच्या सात आठवड्यांत कधीतरी आपला एखादा वार्ताहर उपशामक शुश्रूषा केंद्रात, कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत किंवा निराधार स्त्रियांच्या निवाऱ्यात रात्रपाळीला जागणाऱ्या सेवकांना भेटायला पाठवावा. त्यांना पुरस्काराची अपेक्षा नसते, पण तिथे मनुष्यबळ नेहमीच अपुरे असते, आणि आपल्या वाचकांपैकी कुणाचा पाय, तो कोणत्याही धर्माचा असो, त्या दिशेने वळण्याची शक्यता आहे.

कळावे,
आपली नम्र,
मंडळीच्या सेवाकार्यातील एक वाचक